फणसाड अभयारण्यालगत सातेरीच्या पेट्या: परवानगी आणि मांडणी

मुरूड_बचतगट: नमस्कार मंडळी. आमचं गाव फणसाडच्या हद्दीला लागून आहे. अंजनी-जांभळाच्या फुलोऱ्यासाठी सातेरीच्या (आपल्याकडच्या देशी मधमाशीच्या) 40 पेट्या जंगलात नेऊन मध विकायचा विचार आहे. परवानगी कुणाकडे मागायची? सोबत मेलिफेराच्या (युरोपियन मधमाशीच्या) 10 पेट्या ठेवल्या तर चालतील का?

रानहद्द: विक्रीसाठी पेट्या अभयारण्याच्या आत नेऊच नका. 1927 च्या वन अधिनियमात जंगलातून आणलेला मध आणि मेण वनोपज ठरतं. 1972 च्या वन्यजीव कायद्याचं कलम 29 सांगतं, की अभयारण्यातून काढलेलं वनोपज आसपासच्या लोकांच्या घरगुती गरजेपुरतंच वापरायचं, व्यापारासाठी नाही. गावाचा सामूहिक वनहक्क दावा मंजूर असेल तर गोष्ट वेगळी. 2006 च्या वनहक्क कायद्यात मध गौण वनोपजात येतो आणि तो विकताही येतो. त्यासाठी हक्काचा कागद आणि ग्रामसभेचा ठराव घेऊन वनक्षेत्रपालांना भेटा.

तसं नसेल तर पेट्या हद्दीबाहेर मालकी जागेत ठेवा. सातेरी साधारण किलोमीटरभर फिरते, त्यामुळे हद्दीपासून 200-300 मीटरवर पेटी असली तरी फुलोरा मिळतोच. जमीनमालकाची संमती लेखी घ्या. वसाहती विकत घ्या; अभयारण्यातली ढोलीतली वसाहत काढून पेटीत भरणं हा गुन्हा आहे.

सातेरीपालक: मेलिफेरा नको. ती दोन-तीन किलोमीटर फिरते, फुलोरा आटला की सातेरीच्या पेट्या लुटते, आणि कोकणातल्या पावसात तिला पाकावर जगवणं महाग पडतं. आग्या आणि फुलोरी माश्यांनाही त्याच जंगलात जगायचं आहे, हे विसरू नका.

40 पेट्याही एका जागी नकोत. 20-20 च्या दोन जागा करा, मध्ये दोन किलोमीटर अंतर ठेवा. दोन पेट्यांत 8-10 फूट, तोंड पूर्वेला, दुपारी सावली. पेटी पुढे किंचित कललेली ठेवा, म्हणजे पाणी आत साचत नाही. स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत हवेत आणि एकही फांदी पेटीला टेकता कामा नये, नाहीतर ओंबील (लाल मुंग्या) त्याच वाटेने चढतात.

अळ्या पाण्याच्या पिशवीसारख्या फुगून मरत असतील तर तो थाई सॅकब्रूड. त्याला औषध नाही. ती पेटी वेगळी करा आणि तिच्या पोळ्याच्या चौकटी दुसऱ्या पेटीत कधीच घालू नका.

मुरूड_बचतगट: पावसाळ्यात माश्या पेटी सोडून जातात. काय करावं?

सातेरीपालक: पाऊस सुरू व्हायच्या आत मधकोठी (पेटीचा वरचा, मधाचा कप्पा) उतरवा. खालच्या कोठीत माश्या झाकतील तेवढ्याच चौकटी ठेवा. उघड्या पोळ्यात मेणपतंग शिरतो, जाळं करतो आणि वसाहत उठते. आठवड्याला साधारण 200 ग्रॅम साखरेचा, समप्रमाणात पाणी घातलेला पाक संध्याकाळी द्या. रात्रीत संपेल एवढाच. उरला तर आंबतो, सांडला तर लूट सुरू होते.

रानहद्द: मध काढायची घाई करू नका. मधात पाणी 20 टक्क्यांच्या वर नको, आणि किनाऱ्याच्या दमट हवेत ते सहज वर जातं. चौकट निदान तीन चतुर्थांश मेणाने बंद झाल्यावरच यंत्रात घाला, मध लगेच झाकून ठेवा. शेजारच्या आंब्यावर तुडतुड्यांची फवारणी कधी आहे ते बागायतदाराला आधीच विचारा. ती माश्या परतल्यावर, संध्याकाळी उशिरा करायला सांगा.