खाडी, उपसागर आणि नदीमुख

प्रश्न : हवामानाच्या बातम्यांत अलीकडे ‘बंगालच्या खाडीत कमी दाबाचे क्षेत्र’ असे वाचायला मिळते. ‘बंगालचा उपसागर’ आणि ‘बंगालची खाडी’ या दोहोंत अर्थाचा काही फरक आहे काय?

उत्तर : फरक आहे आणि तो मोठा आहे. हिंदीत ‘खाड़ी’ हा शब्द उपसागरालाही चालतो आणि आखातालाही. मराठीत मात्र बंगालचा उपसागर, खंबातचे आखात आणि दाभोळची खाडी या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. ‘आखाती देशां’ना ‘खाडी देश’ म्हणणे हाही त्याच उसनवारीचा परिणाम आहे, आणि ती टाळावी असे माझे स्पष्ट मत आहे, कारण तिच्यामुळे कोकणच्या भूगोलातला एक अत्यंत नेमका शब्द बोथट होतो.

खाडी म्हणजे समुद्राचा जमिनीत शिरलेला फाटा, असा अर्थ सहसा दिला जातो. तो चूक नाही. ठाण्याच्या खाडीला स्वतःची मोठी नदी नाही, तिथे तो पुरेसाही ठरतो. परंतु कोकणातल्या बहुतेक खाड्या नदीच्याच असतात. वाशिष्ठी पुढे दाभोळची खाडी होते, सावित्री बाणकोटची, शास्त्री जयगडची. नदीचे नाव जिथे मागे पडते आणि बंदराचे नाव सुरू होते, तिथे पाण्याचा स्वभावही बदललेला असतो, हे लक्षात घेतले म्हणजे नामकरणातली सूक्ष्म दृष्टी कळते. चिपळूणजवळच्या गोवळकोटपर्यंत भरतीचे पाणी चढते, म्हणून समुद्रापासून इतक्या आत असूनही तिथे बंदर नांदू शकले.

या खाड्या मुळात बुडालेल्या दऱ्या आहेत. शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. बर्फ वितळून पाणी वर चढले तेव्हा सह्याद्रीतून उतरणाऱ्या नद्यांचे खालचे भाग त्याने व्यापले. गोदावरी-कृष्णेसारखे त्रिभुज प्रदेश या आखूड, वेगवान नद्यांच्या मुखांशी नाहीत, म्हणूनच पूर्व किनाऱ्याची परिभाषा इथे जशीच्या तशी बसत नाही.

‘नदीमुख’ हा शब्द चांगला आहे, पण तो नदी समुद्राला मिळते ती जागा सांगतो. खाडी हा सगळा पट्टा सांगते. समुद्राच्या दर हजार भाग पाण्यात सुमारे ३५ भाग क्षार असतात. खाडीत हे प्रमाण मुखापासून वर जाताना घटत जाते आणि ऋतूप्रमाणेही सरकते : पावसाळ्यात नदीचा लोंढा खारेपणाला समुद्राकडे रेटतो, तर उन्हाळ्यात खारे पाणी वर चढते. गोडे पाणी हलके असल्याने वरून वाहते आणि खारे तळाशी राहते. अशा मिश्र पाण्याला पाठ्यपुस्तके ‘निमखारे’ म्हणतात, बोलीत ‘मचूळ’ हा शब्द आहे. मचूळ हा चवीचा शब्द असल्याने मला तो अधिक जिवंत वाटतो, मात्र क्षारांचे मोजमाप सांगायचे असेल तेव्हा निमखारेच योग्य. गोड्या पाण्यात वाढून अंडी घालण्यासाठी खाऱ्या पाण्याकडे उतरणाऱ्या जिताड्यासारख्या माशाला हा सगळा पट्टा अखंड लागतो.

काठावरच्या झाडांबद्दलही एक खुलासा आवश्यक आहे. ‘खारफुटी’ हे सगळ्या समूहाचे नाव आहे. कांदळ, तिवर आणि चिप्पी ही त्यातली वेगवेगळी झाडे : कांदळाला खोडापासून फुटलेली आधारमुळे असतात, तर तिवराची श्वसनमुळे चिखलातून सरळ वर येतात. ‘कांदळवन’ या शब्दात एका झाडाचे नाव सगळ्या वनाला मिळाले आहे. राज्याच्या वनविभागाने २०१२ साली स्थापन केलेल्या शाखेचे नावही ‘कांदळवन कक्ष’ असेच असल्याने हा व्यापक अर्थ आता रूढ झाला आहे आणि तो नाकारण्याचे कारण नाही. मात्र एखाद्या विशिष्ट झाडाविषयी लिहिताना तिवराला कांदळ म्हणू नये.