मदत हवी आहे: विंडोज ३.१ मधल्या कार्डफाइल आणि राइटच्या फाइली कशा उघडायच्या?

नमस्कार मंडळी,

आमच्या घराण्याच्या कुलवृत्तांताची दुसरी आवृत्ती काढायचं चाललंय. पहिलीचं बरंचसं काम माझ्या वडिलांनी, अण्णांनी, १९९४ ते ९७ या काळात घरच्या ४८६ वर (तेव्हाचा पीसी) केलं होतं. चार एमबी रॅम, विंडोज ३.१. अण्णा २०११ साली गेले. मशीन माळ्यावरच होतं. गेल्या महिन्यात एका दुकानदाराकडून त्याची हार्ड डिस्क अख्खी पेन ड्राइव्हवर उतरवून घेतली. ४२० एमबीची डिस्क, आज फोनमधल्या एका व्हिडिओतही भरून जाईल.

आत दोन प्रकारचा ऐवज आहे. एक, राइटच्या, म्हणजे विंडोज ३.१ मधल्या लिहिण्याच्या प्रोग्रामच्या, फाइली. नाव 'kulvrutt' म्हणजे 'कुलवृत्त', कारण डॉसला (विंडोजखाली चालणाऱ्या तेव्हाच्या प्रणालीला) नावात आठच अक्षरं चालत. रोमनमध्ये नेमकी आठ होतात, 'आंत' बिचारा बाहेर राहिला. ही फाइल मी लिबरऑफिसमध्ये उघडली. उघडते, पण सगळा रोमन कचरा दिसतो. अण्णांनी तेव्हाचा कुठलासा मराठी फॉन्ट वापरला होता.

दुसरा ऐवज जास्त मोलाचा, कार्डांवर नोंदी ठेवायच्या प्रोग्रामचा. कार्डफाइल. माणशी एक कार्ड, वरच्या ओळीत नाव, खाली जन्म, गाव, लग्न, मुलं. यात त्यांनी सगळं रोमन लिपीत मराठी लिहिलंय. पण ही फाइल उघडायला आजच्या विंडोजमध्ये काहीच नाही.

म्हणून डॉसबॉक्स (आजच्या मशीनवर जुन्या डॉस मशीनची नक्कल करणारा प्रोग्राम) टाकलं, डिस्कचं फोल्डर 'सी' म्हणून जोडलं आणि 'विन' टाइप केलं. विंडोजचा लोगो येतो आणि मग काळा पडदा. कितीही वेळ थांबा, काळाच. मी बँकेत नोकरी करते, कॉम्प्युटरवाली नाही, तेव्हा जरा सावकाश सांगा.

---

जुना_खडू:

काळ्या पडद्याचं कारण सोपं आहे. अण्णांच्या मशीनमध्ये जे ग्राफिक्स कार्ड होतं त्याचाच ड्रायव्हर (कार्ड चालवणारा छोटा प्रोग्राम) विंडोज शोधतंय, आणि डॉसबॉक्स तर स्वतःला एस३ कंपनीचं कार्ड म्हणवतं. लोगो साध्या व्हीजीएवर (बहुतेक कार्डांना चालणाऱ्या जुन्या पडदा-पद्धतीवर) दिसतो, म्हणून तेवढं येतं.

डॉसबॉक्समध्ये विंडोज फोल्डरात जा आणि तिथूनच 'सेटअप' चालवा. विंडोज सुरू न करता. एक निळा पडदा येईल, त्यात 'डिस्प्ले' या ओळीवर जाऊन 'व्हीजीए' निवडा. फ्लॉपी मागितली आणि तुमच्याकडे नसेल, तर आधी विंडोजच्या 'सिस्टिम' फोल्डरात 'व्हीजीए.डीआरव्ही' आहे का बघा. (नावं इथे देवनागरीत लिहितोय, टाइप करताना अर्थातच रोमनमध्ये.) पुष्कळदा असते, कारण आधी व्हीजीएवर विंडोज टाकून मगच कार्डाचा ड्रायव्हर घालत.

आणि हो, हे सगळं मूळ कॉपीवर करू नका. दुसरी प्रत काढून त्यावर खेळा.

---

दोन_आणे:

मी उलटंच सांगतो. विंडोज ३.१ चालवण्याच्या भानगडीत पडताच कशाला?

कार्डफाइल हा प्रोग्राम १९८५ च्या पहिल्या विंडोजपासून होता. त्याच्या फाइलीत मजकूर अगदी उघडा ठेवलेला असतो, दाबून-बिबून नाही. नोटपॅडमध्ये उघडलीत तर चौकोन-चिन्हांच्या गर्दीत नावं आणि मजकूर वाचता येईल. अण्णांनी रोमनमध्ये लिहिलंय हे तुमचं भाग्यच.

तरी कार्डं दिसायलाच हवी असतील तर 'ओटीव्हीडीएम' नावाचा छोटा प्रोग्राम घ्या. आजचं ६४-बिट विंडोज तेव्हाचे १६-बिट प्रोग्राम चालवत नाही. हा ते चालवतो. अण्णांच्याच डिस्कवरची 'कार्डफाइल.इएक्सइ' त्यावर टाका.

राइटच्या फाइलीसाठी तर फक्त फॉन्ट हवा. ३.१ मध्ये ट्रूटाइप फॉन्ट 'सिस्टिम' फोल्डरात असत, वेगळं 'फॉन्ट्स' फोल्डर नव्हतंच. तिथल्या टीटीएफ (म्हणजे ट्रूटाइप फॉन्टच्या) फाइली बघा. एरियल, टाइम्स सोडून जे ओळखू येत नाही ते तुमचं. आजच्या मशीनवर टाका, लिबरऑफिसमधला मजकूर निवडून तो फॉन्ट लावा.

---

जुना_खडू:

@दोन_आणे, मान्य, पण ज्या घरात माणसाने तीन वर्षं बसून काम केलं त्या घराचं दार एकदा उघडून बघावंसं वाटतं की नाही?

---

धागाकर्ती:

दोघांचेही आभार, दोन्ही करून पाहिलं.

सेटअपमध्ये व्हीजीए निवडलं, फ्लॉपी न मागता झालं, आणि प्रोग्राम मॅनेजर, म्हणजे विंडोज ३.१ चा मुख्य पडदा, उघडला! अण्णांनी 'गेम्स' ग्रुपला 'रविवार' असं नाव दिलेलं निघालं. सॉलिटेअर त्यातच. आई मागे येऊन उभी राहिली आणि काही न बोलता चहा टाकायला गेली.

कार्डफाइलमध्ये ३१२ कार्डं आहेत. एकेक वाचत बसले. माझंही आहे: 'Janma 1983. Ganit kachche, haat changla.' हात चांगला म्हणजे अक्षर, बहुतेक. बँकेत आल्यावर दुरुस्त करायला हवं होतं.

सिस्टिम फोल्डरात एक अनोळखी टीटीएफ सापडली. लावली आणि राइटची फाइल मराठीत आली. पण आता पुढची अडचण. छपाईवाला युनिकोड (आज सगळीकडे चालणारी अक्षरं साठवायची पद्धत) मागतोय. इंटरनेटवरच्या एका कन्व्हर्टरमधून काढलं तर 'कीर्तन' चं 'कीतर्न' आणि 'मूर्ती' चं 'मूतीर्' होतंय. 'चिरंजीव' मध्ये वेलांटी आधीच येऊन एकटी उभी राहते.

---

दोन_आणे:

ते होणारच. जुने फॉन्ट टाइपरायटरच्या चालीवर बनवलेले. कागदावर डोळ्याला जसं दिसतं त्याच क्रमाने आत साठवायचं: पहिली वेलांटी अक्षराच्या आधी, रफार अक्षर आणि त्याची मात्रा झाल्यावर. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम. वेलांटी व्यंजनानंतर, रफाराचा 'र्' त्या व्यंजनाच्या आधी. तुमचा कन्व्हर्टर अक्षरं बदलतोय पण जागा बदलत नाहीये.

मजकूर किती पानं आहे? शंभराच्या आत असेल तर आधी 'शोधा-बदला' ने वेलांटी हलवून घ्या, रफार मात्र हाताने. जोडाक्षरावर वेलांटी असली की ती दोन्ही अक्षरांपलीकडे न्यावी लागते ('स्थिती' मध्ये 'स्थ' च्या पुढे), तिथे शोधा-बदला हमखास फसतं.

---

धागाकर्ती:

१४६ पानं. रफार मी आणि चुलतभाऊ वाटून घेतोय. 'क्ष' च्या जागी सगळीकडे एक उभी रेघ आलीय, पण ती बहुतेक एका झटक्यात बदलेल. नाही झालं तर इथेच परत येते.