अंटार्क्टिकात बर्फ कुठे साठायचं, हे कोण ठरवतं: आभाळ की वारा?

पाऊलवाट: भारताचं तिथलं पहिलं ठाणं, दक्षिण गंगोत्री, १९८३-८४ मध्ये उभं राहिलं आणि बर्फात गाडलं गेल्यामुळे १९९० मध्ये सोडावं लागलं. तिथून शंभर किलोमीटरच्या आत, शिर्माकर या बर्फाविना राहिलेल्या भागातल्या उघड्या खडकावर, भारताचंच मैत्री हे ठाणं आजही उभं आहे. आभाळ जवळपास तेच! माझ्या मते खरा कारभारी वारा. पठारावरची थंड, जड हवा उतारावरून किनाऱ्याकडे घसरते, पडलेलं हिम उचलून नेते, त्यातलं काही वाटेतच वाफ होऊन जातं. तरी सगळे विचारतात काय, तर ‘हिम किती पडलं?’

मेघना: अजिबात पटलं नाही. शिर्माकरचा काळा खडक उन्हाळ्यात तापतो, हिम वितळतं. मैत्रीला पाणी देणारं प्रियदर्शिनी तळं तिथलंच. दक्षिण गंगोत्री मात्र तरंगत्या बर्फावर होतं. ब्रिटनचं हॅली ठाणंही तसंच, तिथे वर्षाला मीटरभर हिम साचतं आणि एकामागून एक बांधलेली पहिली चारही ठाणी गाडली गेली. वारा इकडचं तिकडे करतो, भांडवल आभाळाचं. खंडाच्या आत, पठारावरच्या व्होस्तोक या रशियन ठाण्यावर वर्षभराचं हिम वितळवलं तर जेमतेम दोन सेंटीमीटर पाणी, किनाऱ्याजवळच्या लॉ डोम या बर्फाच्या घुमटावर साठाच्या वर. समुद्रापासून लांब, साडेतीन हजार मीटर उंचीवर, तेवढ्या थंड हवेत बाष्प मावणार किती? हा फरक वाऱ्याने पाडला का?

पाऊलवाट: खंडाचा हिशेब तुमचा, मान्य. पण पूर्वेकडच्या पठारावर दोन-पाच किलोमीटर अंतराने हिमाच्या महाकाय लाटा आहेत, उंची अवघी काही मीटर. वाऱ्याकडच्या अंगाला हिम साचतं, मागच्या अंगाला चकचकीत कवच, वर्षानुवर्षं नवा थर नाही. त्यामुळे लाट वाऱ्याच्या *विरुद्ध* सरकते! तिथे एकच भोक पाडून काढलेल्या बर्फाच्या गाभ्यावरून ‘हिम घटलं’ म्हणणं मला धोक्याचं वाटतं.

वास्कोकर: एका उन्हाळी मोहिमेत मी बर्फात रोवलेल्या बांबूच्या काठ्यांवरून किती हिम साचलं ते मोजलं आहे. एकीजवळ गुडघाभर हिम, दहा पावलांवर दुसरीचं बूड उघडं. चार दिवसांनी वादळ झालं आणि नेमकं उलटं! पण तुम्ही दोघं सरासरीवर भांडताय. मार्च २०२२ मध्ये समुद्रावरून बाष्पाचा एक पट्टा पूर्व अंटार्क्टिकात घुसला, पठारावर पारा नेहमीपेक्षा तीस अंशांहून वर गेला आणि थोड्या दिवसांत प्रचंड हिम पडलं. अशी मोजकी वादळं वर्षाचा हिशेब फिरवतात.

मेघना: म्हणजे बाष्पच! हवा अंशाने तापली की बाष्प सुमारे ७ टक्के जास्त मावतं.

पाऊलवाट: मावतं, पण पडलेलं टिकतं किती? ते मोजायला काठ्यांची अख्खी रांग हवी, तीही वर्षानुवर्षं.