पहिल्या वर्षी नापास झालेल्या मुलीने डॉक्टरकी सोडावी का?

रानजाई
माझ्या मावसबहिणीची मुलगी फर्स्ट एमबीबीएसला दोन विषयांत नापास झाली. ॲनाटॉमी (शरीररचना) आणि बायोकेमिस्ट्री (जीवरसायन). निकाल लागून चारच दिवस झालेत, आणि घरच्यांचं ठरलंसुद्धा: तिला परत आणायचं, जवळच्या कॉलेजात बीएस्सीला घालायचं. "पहिल्याच वर्षी ही गत, पुढे काय दिवे लावणार," हे तिच्या आजोबांचं वाक्य. मला हे मुळीच पटलेलं नाही आणि का नाही ते सांगते.

मी स्वतः २००५च्या उन्हाळी परीक्षेत ह्याच दोन विषयांत उडाले होते. दहावीपर्यंत मराठी शाळा, तालुक्याच्या गावात बारावी, मग मराठवाड्यातलं सरकारी मेडिकल कॉलेज. बारावीपर्यंत पाठांतराने मला कधी दगा दिला नव्हता. तिथे हातात मांडीचं हाड देऊन सर विचारायचे, "डावं की उजवं? कशावरून?" मला उत्तर माहीत असायचं, पण ते इंग्रजीत बांधेपर्यंत सर पुढच्या मुलाकडे वळलेले असायचे. नाळेत रक्तवाहिन्या किती, या प्रश्नावर तोंडी परीक्षेत मी गप्प उभी राहिले होते.

मग ऑड बॅच, म्हणजे नापास झालेल्यांची सहा महिने मागे चालणारी वेगळी तुकडी. आपली बॅच पुढे निघून जाते, मेसमध्ये वेगळ्या टेबलावर बसावंसं वाटतं. एका सीनिअर ताईने मला तीन गोष्टी करायला लावल्या. रोज एक उत्तर वेळ लावून हाताने लिहायचं. प्रत्येक उत्तराला आकृती काढायची. आणि रात्री रूममेटला तेच उत्तर मोठ्याने, मोडक्यातोडक्या इंग्रजीत का होईना, सांगायचं. हिवाळी परीक्षेत दोन्ही विषय सुटले. पुढे पीजीची, म्हणजे पदव्युत्तर शिक्षणाची, प्रवेश परीक्षा तिसऱ्या खेपेला निघाली. आज मी जिल्ह्याच्या ठिकाणी नवजात बाळांच्या विभागात काम करते. नाळेत दोन धमन्या आणि एक शीर असते. त्याच शिरेतून नळी घालून मी बाळांना सलाइन देते.

पहिल्या वर्षाचा निकाल हा त्या मुलीच्या कुवतीचा निकाल नाही. तिला टिकू द्यावं असं माझं ठाम मत आहे.

गोदाकाठ
डॉक्टर, तुमचा प्रवास वाचून आनंद झाला. मी ३१ वर्षं ॲनाटॉमी शिकवली. तरी तुमच्याशी सहमत नाही.

तुमच्यासारखे सावरलेले विद्यार्थी मी पाहिले आहेत. पण पूर्वी प्रयत्नांना मर्यादाच नव्हती, तेव्हा आठ-आठ वर्षं पहिल्या वर्षात अडकलेली मुलंही पाहिली आहेत. वडील दर परीक्षेआधी येऊन कॉरिडॉरमध्ये बसत. एकाने विहिरीजवळचं शेत विकलं होतं. त्या मुलाला दुसऱ्या प्रयत्नानंतर कुणीतरी "थांब" म्हणायला हवं होतं. कुणीच म्हटलं नाही, मीही नाही, आणि त्याची टोचणी मला अजून आहे. आता पहिल्या वर्षासाठी चार प्रयत्न आणि सगळ्या अभ्यासक्रमाला नऊ वर्षं अशी मर्यादा आहे, ते योग्यच आहे.

भाषेचं म्हणाल, तर आम्ही व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, अडलेल्या मुलाला "मराठीत सांग" असं नेहमी म्हणत असू. निम्म्या वेळा मराठीतही उत्तर यायचं नाही. वाचलेलंच नसायचं. हे कटू वाटेल, पण ते झाकून त्या मुलांचं भलं होत नाही. ॲनाटॉमी कच्ची राहिली की सर्जरीत रडायची पाळी येते, बायोकेमिस्ट्री कच्ची राहिली की पॅथॉलॉजी नुसती पाठ करावी लागते.

तिसरी_घंटा
मी रुग्णाच्या बाजूने विचारतो. माझ्या आईचं ऑपरेशन करणारा माणूस किती वेळा नापास झाला होता, हे मला कळायला नको का? २०२३मध्ये वैद्यकीय आयोगाने दोन पेपर असलेल्या विषयांत पास व्हायची मर्यादा ५० टक्क्यांवरून ४०वर आणली होती. काही दिवसांतच निर्णय मागे घ्यावा लागला. त्याच वर्षी नीट पीजीची पात्रता शून्य पर्सेंटाइलवर नेली, म्हणजे परीक्षेला बसलेला प्रत्येक जण पात्र. सगळीकडे गाळणी सैल होत असताना पहिल्या वर्षाची तरी घट्ट राहू द्या.

रानजाई
@तिसरी_घंटा, गाळणी सैल करा असं मी कुठेही म्हटलेलं नाही. ४० टक्क्यांना माझाही विरोधच होता. मी ५० मिळवूनच पास झाले, फक्त सहा महिने उशिरा. माझं ॲटेम्प्ट सर्टिफिकेट (कितव्या प्रयत्नात पास झाले त्याचा दाखला) मी कधी लपवलं नाही, कुणी मागितलं तर आजही दाखवीन. पण आईच्या ऑपरेशनआधी विचारायचंच असेल तर सर्जनला हे विचारा की हे ऑपरेशन त्यांनी किती वेळा केलंय. एकोणिसाव्या वर्षी बायोकेमिस्ट्रीत काय झालं, त्यावरून तुम्हाला काहीच कळणार नाही.

@गोदाकाठ सर, चारची मर्यादा मलाही मान्य आहे. माझं दुखणं वेगळंच आहे. पहिल्या आणि दुसऱ्या प्रयत्नाच्या मधे त्या मुलाशी कोण बोलतं? आता ऑड बॅच बंद झाली. पुरवणी परीक्षा काही आठवड्यांतच होते, पास झालं तर आपल्याच बॅचबरोबर पुढे, नाही तर थेट ज्युनिअर्सबरोबर. मला सहा महिने मिळाले होते. हिला काही आठवडे आहेत, आणि त्यातले चार दिवस घरच्यांच्या रडारडीत गेले. पहिल्या वर्षाच्या तोंडावर होणाऱ्या फाउंडेशन कोर्समध्ये इंग्रजीचे तास असतात, पण ते अगदी सुरुवातीला. आपलं कुठे अडतंय हे मुलांना पहिल्या इंटर्नलनंतर (कॉलेजच्या अंतर्गत परीक्षेनंतर) कळतं. तेव्हा कुणी जवळ बसवून घेत नाही.

निंबोणी
हे नुसतं डॉक्टरांचं नाही. मी बारावी आर्ट्स, मग जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा. पहिल्या वर्षी ॲनाटॉमी-फिजिऑलॉजीत दांडी उडाली, कारण अकरावी-बारावीत बायोलॉजीचं पुस्तक उघडलंच नव्हतं. वॉर्डातल्या सिस्टर ड्युटी संपल्यावर पेशंटजवळ उभं करून शिकवायच्या. पुढे दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी केलं. आता आयसीयूत आहे.

अंगणातली_तुळस
माझं मत कुणाला आवडणार नाही, तरी लिहिते. माझ्या मुलाने पहिल्या वर्षाचे तीन प्रयत्न दिले. खासगी कॉलेज होतं, फी घरावर कर्ज काढून भरत होतो. प्रत्येक वेळी आम्हीच म्हणायचो, "तू करू शकतोस." असेच धीराचे किस्से गोळा करून त्याला पाठवायचो. तो जेवेनासा झाला, फोन उचलेनासा झाला. शेवटी त्याच्या मित्राने आम्हाला बोलावून घेतलं. त्या दिवशी तो पहिल्यांदा म्हणाला की त्याला हे कधीच नको होतं.

त्याने एमबीबीएस सोडलं आणि ऑप्टोमेट्री (डोळे तपासण्याचं शिक्षण) केली. आज तो शाळांमधून मुलांचे डोळे तपासत फिरतो, घरी आल्यावर भरभरून सांगतो. रानजाईताई, तुम्ही सावरलात कारण तुम्हाला ते हवं होतं. तुमच्या भाचीला परत आणायचं हे आजोबांनी ठरवलं. टिकू द्यायचं हे तुम्ही ठरवलंत. ती काय म्हणते ते या धाग्यात कुठेच नाही.

गोदाकाठ
ताईंचं म्हणणं माझ्या सगळ्या मुद्द्यांपेक्षा महत्त्वाचं आहे.

डॉक्टर, तिला राहायचं असेल तर एवढं सांगा: ॲनाटॉमीत ती थिअरीत गेली की प्रॅक्टिकलला? दोन्हींत वेगवेगळे ५० टक्के लागतात, आणि दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. नुसतं "नापास" म्हणून चालत नाही.

रानजाई
सर, दोन्ही विषयांत थिअरी. ॲनाटॉमीच्या थिअरीत ४१ टक्के, प्रॅक्टिकलला व्यवस्थित पास.

गोदाकाठ
म्हणजे हाड हातात दिलं तर तिला ओळखता येतं. लिहिताना अडतंय. तिच्या इंटर्नलच्या उत्तरपत्रिका मागवून बघा. आकृत्यांना नावं दिलीत का, मोठ्या प्रश्नात वेळ संपून शेवटचे छोटे प्रश्न लिहायचे राहिलेत का, हे आधी पाहा. तुमच्या सीनिअरने सांगितलेल्या तीन गोष्टी अगदी बरोबर आहेत, पण आकृती आधी काढायची, मजकूर नंतर. माझं चारच्या मर्यादेबद्दलचं मत तेच आहे. पण हा तिचा पहिलाच प्रयत्न आहे.

रानजाई
@अंगणातली_तुळस, ताई, दुपारपासून तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. निकालानंतर मी तिच्या आईशी बोलले, आजोबांशी भांडले, इथे एवढं लिहिलं. तिला फोन केला तो नुसता "घाबरू नकोस, मावशी आहे" म्हणायला. तिला हवंय का, हे विचारलंच नाही.

आज नाइट ड्युटी आहे. नऊला हॅंडओव्हर घ्यायच्या आधी तिला फोन करते. या वेळी मी कमी बोलेन.