बेरा: स्वीप वाढवण्याआधी त्वचा घासा

बेरा म्हणजे झोपलेल्या बाळाच्या कानात क्लिकचे आवाज देऊन मेंदूचा विद्युत प्रतिसाद त्वचेवरच्या इलेक्ट्रोडने नोंदवणारी श्रवण चाचणी. ४० डेसिबलला या प्रतिसादातली पाचवी लाट (ऐकू येतं का हे जिच्यावरून बघतात ती) गोंगाटात बुडते, म्हणून २००० ऐवजी ८००० स्वीप (एका क्लिकनंतरची एक नोंद; अशा सगळ्या नोंदींची सरासरी काढतात) घ्यायचं काहीजण सुचवतात. चालेल, पण हिशोब बघा: चौपट स्वीप घेतले तरी गोंगाट फक्त निम्मा होतो. सेकंदाला २७.७ क्लिकच्या वेगाने सव्वा मिनिटाचं काम पाच मिनिटांवर जातं, आणि तोवर बाळ जागं होतं.

आधी इंपीडन्स (त्वचा आणि इलेक्ट्रोडमधला विजेचा अडथळा) बघा. कपाळ आणि दोन्ही कानांमागची त्वचा खरखरीत जेलने नीट घासून प्रत्येक इलेक्ट्रोड ५ किलोओहमखाली आणा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे आपसातला फरक २ किलोओहमच्या आत हवा. तो जास्त असला की अॅम्प्लिफायरला विजेची घरघर दोन्हीकडून सारखी मिळत नाही, मग ती वजाही होत नाही. तारांची वेणी घाला, इअरफोनच्या केबलपासून लांब ठेवा.

क्लिकचा वेग २५ मुळीच नको: दर क्लिक घरच्या विजेच्या ५० हर्ट्झ लहरीच्या त्याच टप्प्यावर पडते आणि सरासरीत घरघर साचत जाते. २७.७ हा विचित्र आकडा त्यासाठीच. नॉच फिल्टर (५० हर्ट्झची घरघर कापणारा) मात्र बंदच ठेवा, तो लाटांचा आकार बिघडवतो.

मान आखडलेली असेल तर स्नायूंच्या विजेच्या गोंगाटाने हे सगळं फुकट. मानेखाली टॉवेलची गुंडाळी द्या.