दाताची कॅप: कुठली बसवली, कशी निभावली?

खालची उजवी, शेवटून दुसरी दाढ. गेल्या आठवड्यात रूट कॅनल उरकलं, आता कॅप. डॉक्टरांनी टेबलावर चार नमुने मांडले, दुकानात साड्या मांडतात तसे. मेटल, सिरॅमिक, झिरकोनिया (पांढरं, टणक), ईमॅक्स (काचेसारखं, दाताच्या रंगाचं). भाव साडेतीन हजारांपासून अठरा हजारांपर्यंत. वर मलाच विचारतात, "बोला मॅडम, कुठली करू?" मी दादरला कोथिंबिरीची जुडी घेताना चार ठिकाणी विचारणारी बाई. ज्यांनी बसवली आहे त्यांनी लिहा: कुठला दात, कुठली कॅप, किती टिकली.

मालाडकर
वरचा पुढचा दात. गल्ली क्रिकेटमध्ये अर्धा गेला होता. २००९ साली सिरॅमिक बसवली. सुरुवातीला कुणाला कळायचंही नाही. आठ-नऊ वर्षांनी हिरडी जराशी वर सरकली आणि कडेला काळी रेघ दिसायला लागली. तेव्हा कळलं की आत धातू होता. नंतरच्या सगळ्या फोटोंत मी ओठ मिटून हसतोय. भाचीच्या लग्नाआधी काढून ईमॅक्स केली. रंग ठरवताना डॉक्टरीणबाईंनी ट्यूबलाइट बंद करून मला खिडकीशी उभं केलं, शेड गाइडमधला, म्हणजे रंगांच्या नमुन्यांच्या पट्टीतला, एकेक दात ओठाशी धरला. ए२ छटा की ए३ यावर बायको आणि डॉक्टर यांचीच चर्चा. मी तोंड उघडं ठेवून ऐकत होतो.

चिक्कीवाला
बाबांची मेटलची. अगदी शेवटची दाढ, १९ वर्षं झाली. अजून लोणावळ्याची चिक्की खातात. त्यांची दाढ मुळातच बुटकी होती. धातू पातळ असला तरी चालतो, म्हणून कमी कोरावी लागली. जांभई दिली की चमकते, एवढीच आईची तक्रार.

बोरिवली_स्लो
माझी झिरकोनिया, १० वर्षांच्या वॉरंटी कार्डासकट. सामानाला नावं ठेवणार नाही, पण बसवण्याचं ऐका. इंजेक्शनने अर्धा जबडा बधिर. कार्बनचा कागद चावायला लावला, विचारलं "उंच लागतंय?" मी म्हटलं नाही. काही लागतच नव्हतं तर काय सांगणार! रात्री वरणभात खातानाही आधी तीच दाढ टेकायची, जणू भातात खडा. तिसऱ्या दिवशी कानापर्यंत कळ. परत जाऊन घासून घेतली, दहा मिनिटांचं काम. घासल्यावर पॉलिश करायला मात्र सांगा. खरखरीत राहिलेला झिरकोनिया समोरच्या दाताची झीज करतो, हे मला दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं.

आणि वॉरंटी कॅपची असते, आतल्या दाढेची नाही. कडेने कीड लागली तर ते कार्ड फक्त पाकिटात शोभतं.

निशाचर
झोपेत दात खाणाऱ्यांनी वरून पोर्सेलिन चढवलेली घेऊ नये. माझा टवका दीड वर्षात उडाला. आता अखंड झिरकोनिया (वर पोर्सेलिन नाही) आणि रात्री नाइट गार्ड, म्हणजे दातांवर घालायचं कवच.

गिरगावची_सून
सासूबाईंची कॅप सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारातल्या शासकीय दंत महाविद्यालयात केली. शिकाऊ डॉक्टर करतात आणि प्रत्येक टप्प्याला सर येऊन बघतात. वेळ हाताशी हवा, पण खर्च खाजगीच्या मानाने फारच कमी. मुंबई सेंट्रलला नायर रुग्णालयाचं दंत महाविद्यालयही आहे, तिथेही चौकशी करता येईल.

परळची_दातवाली
मी याच धंद्यातली, म्हणून थोडं तांत्रिक. आपल्याकडे 'सिरॅमिक' म्हटलं की बहुतेक वेळा आत धातू, वर पोर्सेलिन असं असतं. तेव्हा "आत धातू आहे का?" हे सरळ विचारा. ताकद मेगापास्कलमध्ये मोजतात: ईमॅक्स साधारण ४००, दाढेसाठीचा झिरकोनिया हजाराच्या आसपास. पण झिरकोनियातही जो जास्त पारदर्शक तो कमी मजबूत, त्यामुळे नुसतं नाव ऐकून पैसे मोजू नका. ईमॅक्समधून उजेड थोडा आरपार जातो, म्हणून पुढच्या दाताला ती शोभते. काही धातूच्या कॅपमध्ये निकेल असतं, त्याची ॲलर्जी असेल, खोट्या दागिन्यांनी कान चिघळत असतील, तर आधीच सांगा. डोक्याच्या एमआरआयमध्ये धातूच्या कॅपमुळे चित्र बिघडू शकतं. आणि कुठलीही असो, कड हिरडीशी चोख बसली पाहिजे. फ्लॉस (दातांच्या फटीत फिरवायचा दोरा) तिथे अडकत किंवा फाटत असेल तर तसंच सोडून देऊ नका.

धागाकर्ती
सगळ्यांचे आभार. अखंड झिरकोनिया करतेय, जास्त पारदर्शकवाली नाही. दाढ हसताना दिसतच नाही, मग नटवू कशाला? शनिवारी कोरून माप दिलं. बिलावर प्रकार लिहून घेतला, तेव्हा डॉक्टर जरा गालात हसले. काल संध्याकाळी स्टेशनबाहेर वडापाव खाताना तात्पुरती कॅप पावासोबत निघून हातात आली. टिश्यूत गुंडाळून पर्समध्ये ठेवली आहे. गार पाणी डाव्या बाजूने पितेय. सोमवारपर्यंत तीच परत चिकटवून मिळते ना? परळताई, आहात का?