गोव्याची नागरी संहिता आपली न्यायालये कोणत्या पद्धतीने वाचतात?

प्रश्न (विधी शाखा, दुसरे वर्ष): इंग्लंडमधून आलेल्या कॉमन लॉ परंपरेत वरिष्ठ न्यायालयाचा निवाडा पुढील खटल्यांत बंधनकारक असतो, तर सिव्हिल लॉ परंपरेत (येथे ‘सिव्हिल’ म्हणजे आपल्याकडचे ‘दिवाणी’ नव्हे, तर फ्रान्स, पोर्तुगालसारख्या देशांची परंपरा) न्यायाधीशाने संहितेच्या कलमापासून आरंभ करायचा असतो, असे आम्हाला शिकवले आहे. गोव्यात पती-पत्नींच्या मालमत्तेला १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता लागू आहे. ती लावणारी न्यायालये मात्र मुंबई उच्च न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रातली, म्हणजे कॉमन लॉ परंपरेतली आहेत. मग तेथे चालते ती परंपरा कोणती?

उत्तर १: कायदा एका परंपरेचा, न्यायालय दुसऱ्या परंपरेचे. गोवामुक्तीनंतर १९६२ मध्ये संसदेने केलेल्या प्रशासनविषयक कायद्याने तेथील जुने कायदे पुढे चालू ठेवले. पुढे एका गोमंतकीयाच्या मुंबईतील मालमत्तेला ही संहिता लागू होते का, असा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. संसदेने स्वीकारल्यामुळे ती आता परकीय नव्हे, भारतीय कायदा आहे आणि गोव्यात अधिवास असलेल्याच्या भारतातील कोणत्याही मालमत्तेच्या वारसाहक्काला ती लागू होते, असा निवाडा सप्टेंबर २०१९ मध्ये झाला. म्हणजे संहितेची व्याप्ती समजून घ्यायची तरी निवाडाच वाचावा लागतो.

उत्तर २: मला आशय अधिक महत्त्वाचा वाटतो. हिंदू माणूस स्वकष्टार्जित मालमत्ता मृत्युपत्राने कोणालाही देऊ शकतो; गोव्यात मात्र मुले असलेल्या माणसाला निम्म्याच मालमत्तेची अशी व्यवस्था लावता येते, कारण उरलेला भाग वारसांसाठी राखीव असतो. हे तत्त्व २०१२ च्या गोवा वारसाहक्क कायद्यातही टिकले आहे. मुलीला डावलणे अवघड करणारी ही तरतूद मला अतिशय मोलाची वाटते. खुद्द पोर्तुगालने १९६६ मध्ये नवी संहिता केली, तरी विवाहसंपत्तीबाबत जुनी संहिता गोव्यात अजून जिवंत आहे.

उत्तर ३: संहिता असणे वा नसणे हा मूळ भेद मानू नये. दंडसंहिता १८६० ची आणि करार कायदा १८७२ चा, म्हणजे ब्रिटिश भारतातही संहिता होत्याच. खरा भेद कायदा मौन असतो तेव्हा दिसतो. बाटलीतल्या पेयात गोगलगाय निघाल्याच्या तक्रारीवर ब्रिटनच्या उमराव सभेने १९३२ मध्ये निष्काळजीपणाचे सर्वसाधारण तत्त्व मांडले, आणि तो निवाडाच पुढे कायदा ठरला. फ्रान्समध्ये १८०४ च्या संहितेत, ज्याच्या चुकीने नुकसान झाले त्याने ते भरून द्यावे, असे एका वाक्यात आधीच लिहिलेले होते. त्याच संहितेचे चौथे कलम कायदा मौन आहे या सबबीवर निकाल नाकारण्यास न्यायाधीशाला मनाई करते आणि पाचवे कलम सर्वसाधारण नियम घालून देण्यास. आपल्या संविधानाचा अनुच्छेद १४१ मात्र सर्वोच्च न्यायालयाने घोषित केलेला कायदा सर्व न्यायालयांवर बंधनकारक ठरवतो. तेव्हा प्रश्नकर्त्याने ते पाचवे कलम आणि हा अनुच्छेद शेजारी ठेवून २०१९ चा निवाडा पुन्हा वाचावा.